ॲडलेडच्या पबमधील श्नित्झेल पारखावे कसे: नव्याने आलेल्यांसाठी

ॲडलेड ज्याची राजधानी आहे त्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आलेल्या मराठी माणसाच्या कानावर पहिल्या काही आठवड्यांतच ‘श्निटी’, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे श्नित्झेल, हा शब्द पडतो. आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी कार्यालयातील मंडळी जवळच्या ‘हॉटेल’मध्ये श्निटी खायला निघतात आणि सोबत गेलेला नवखा माणूस ताटाबाहेर आलेला तो सोनेरी काप पाहून त्याच्या आकारावरूनच मत बनवतो. मीही बरीच वर्षे तसेच करत होतो. श्नित्झेलची खरी परीक्षा आकारात नसून आवरण आणि मांस यांच्या जोडणीत आहे, आणि ती परीक्षा ताट समोर आल्यापासून पहिल्या पाच मिनिटांतच घेता येते, हे मला हळूहळू उमगले. वहीत नोंदी करता करता जी रीत तयार झाली, ती येथे क्रमाने देत आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. ऑस्ट्रेलियात ‘हॉटेल’ अशी पाटी असलेली जुनी इमारत बहुधा पब असते आणि तेथे राहण्याची सोय असेलच असे नाही. पब म्हणजे केवळ मद्यपानाची जागा, हा समजही येथे सोडून द्यावा लागतो. जेवणाच्या दालनात आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सगळे कुटुंब बसलेले दिसते, आणि पाण्याचा पेला घेऊन जेवणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

पायरी पहिली: पदार्थ नीट समजून घ्यावा

मांसाचा काप ठोकून चपटा करायचा, त्याला मैदा, फेटलेले अंडे आणि पावाचा चुरा असे तीन थर याच क्रमाने लावायचे आणि तळायचे, एवढीच श्नित्झेलची कृती आहे. मूळ जर्मन शब्दाचा अर्थच ‘काप’ असा आहे. ऑस्ट्रियात ‘वीनर श्नित्झेल’ हे नाव केवळ वासराच्या मांसाच्या पदार्थाला देता येते, आणि डुकराचे मांस वापरले असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. ॲडलेडच्या पबमध्ये मात्र ‘चिकन की बीफ’ हाच पहिला प्रश्न असतो. गोव्यात कटलेट-पाव खाल्लेल्यांना या पदार्थाची जातकुळी लगेच ओळखू येईल, कारण तेथेही मांसाचा पातळ कापच घोळवून तळतात, फक्त पावाच्या चुऱ्याऐवजी रवा असतो.

हा पदार्थ याच राज्यात एवढा का रुजला, याचा थोडा इतिहास माहीत असावा. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातून आलेले ल्यूथरपंथी ख्रिस्ती लोक १८३८ च्या अखेरीस ‘झेब्रा’ या जहाजातून येथे उतरले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ॲडलेडजवळच्या टेकड्यांमध्ये हानडॉर्फ हे गाव वसवले. जहाजाचा कप्तान हान याचेच नाव त्या गावाला मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्य आणि दक्षिण युरोपातून स्थलांतरितांची मोठी लाट आली आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतील तळलेले काप इतरांच्याही ओळखीचे झाले. पबच्या बाजूने पाहिले तर १९१६ पासून संध्याकाळी सहा वाजता पब बंद करण्याचा नियम या राज्यात होता आणि तो १९६७ मध्ये उठला. सहानंतर दारे उघडी राहू लागल्यावरच रात्रीच्या जेवणाला पबमध्ये खरी जागा मिळाली. स्वस्त, पोटभरीचे आणि पटकन तळून देता येणारे श्नित्झेल त्या जागेत अगदी चपखल बसले.

श्नित्झेलवर टोमॅटोचा सॉस, बहुतेक वेळा हॅमचा (डुकराच्या मांसाचा) काप आणि वितळवलेले चीज घातले की ते ‘पार्मिजाना’ होते. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात त्याला ‘पार्मा’ म्हणतात आणि येथे ‘पार्मी’. या नावावरून दोन राज्यांचे लोक मनापासून वाद घालतात, म्हणून मेलबर्नहून आलेल्या मित्राची चूक काढण्याच्या फंदात पडू नये.

पायरी दुसरी: वेळ आणि वार निवडावा

पब रात्री उशिरापर्यंत उघडा असला तरी त्याचे स्वयंपाकघर तसे नसते. दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचे सहा ते साडेआठ एवढ्याच वेळेत मिळते. आपल्याकडच्या सवयीने नऊ वाजता पोहोचलेल्या माणसाला बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटावर भागवावे लागते. मला माझ्या पहिल्याच हिवाळ्यात पाहुण्यांसह तसे परत यावे लागले होते आणि त्यानंतर फोन करून वेळ विचारल्याखेरीज मी निघत नाही.

अनेक पब आठवड्यातील एक संध्याकाळ ‘श्निटी नाइट’ म्हणून राखतात आणि त्या दिवशी दर उतरवतात. एरवी साध्या श्नित्झेलचे ताट साधारण २० ते ३० डॉलरच्या दरम्यान पडते. परीक्षेसाठी पहिली भेट शांत दिवशी द्यावी आणि दुसरी गर्दीच्या दिवशी. दोन्ही आवश्यक आहेत, आणि त्यामागे तळणीचे साधे शास्त्र आहे. तेल १७० ते १८० अंश सेल्सियसवर असताना आवरणातील पाण्याची झपाट्याने वाफ होते, ती बाहेर ढकलली जाते आणि तेल आत शिरू शकत नाही. एकाच वेळी सहा थंड काप कढईत पडले की तापमान खाली येते, वाफेचा जोर कमी होतो आणि चुरा तेल पिऊन बसतो. भज्यांचा घाणा मोठा टाकला की भजी तेलकट होतात, तेच हे. गर्दीच्या रात्रीही तापमान सांभाळणारे स्वयंपाकघर खरोखर चांगले म्हणावे.

पायरी तिसरी: मागणी नोंदवावी

बहुतेक पबमध्ये टेबलावर कोणी मागणी घ्यायला येत नाही. आधी टेबल निवडावे, त्याचा क्रमांक लक्षात ठेवावा, काउंटरवर जाऊन मागणी सांगावी आणि तेथेच पैसे द्यावेत. फलकावरील किमतीत कर धरलेला असतो आणि टीप अपेक्षित नसते, मात्र रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी अनेक ठिकाणी १० ते १५ टक्के जादा आकार लावला जातो.

मागणी सांगताना तीन गोष्टी सुट्या कराव्यात. पहिली, श्नित्झेल साधे मागावे. दुसरी, सॉस वेगळ्या भांड्यात मागावा. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची म्हणजे चिप्स (येथे वेफर्स नव्हेत, तर फ्रेंच फ्राइजसारखे बटाट्याचे गरम तळलेले काप) बाजूला मागाव्यात. ॲडलेडमध्ये पुष्कळ ठिकाणी चिप्सच्या ढिगावर श्नित्झेल ठेवून देतात. ताट भरगच्च दिसते खरे, पण खालच्या गरम चिप्सची वाफ वर चढते आणि आवरणाची खालची बाजू काही मिनिटांत ओली होते. आचाऱ्याने नीट तळलेला पदार्थ केवळ मांडणीमुळे बिघडतो, याचे मला दर वेळी वाईट वाटते. ‘चिप्स बाजूला द्या’ ही विनंती कोणालाही खटकत नाही.

खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्यांनी काउंटरवरच नि:संकोच विचारावे. फलकावर नुसते ‘श्नित्झेल’ लिहिलेले असेल तर ते गोमांसाचे असू शकते, म्हणून ‘चिकन’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. ‘व्हील’ म्हणजे वासराचे मांस. चिकनच्या पार्मीवर हॅम असू शकते, ‘किलपॅट्रिक’ नावाच्या प्रकारात बेकन, म्हणजे तेही डुकराचेच मांस, असते, आणि ग्रेव्हीचा रस्सा बहुधा गोमांसाच्या अर्कावर किंवा तशा चवीच्या पुडीवर केलेला असतो. चिकन मागवून वर ग्रेव्ही ओतून घेणाऱ्या अनेक मराठी मंडळींच्या हे लक्षातच येत नाही. शाकाहारी माणसासाठी काही पब वांग्याचे श्नित्झेल ठेवतात, पण ते त्याच कढईत तळले जाते का, हेही विचारून घ्यावे. हे प्रश्न येथे रोज विचारले जातात आणि त्यांची उत्तरे सभ्यपणे मिळतात.

पायरी चौथी: आवरण पाहावे, ऐकावे, उचलावे

ताट आल्यावर लगेच सॉस ओतू नये. आधी रंग पाहावा. चांगल्या आवरणाचा रंग सगळीकडे तंतोतंत सारखा नसतो. उंचवट्यांवर तो गडद सोनेरी आणि खळग्यांत किंचित फिकट असतो, कडा वेड्यावाकड्या असतात आणि चुऱ्याचे कण लहानमोठे दिसतात. अगदी लंबगोल आकार, सर्वत्र एकच नारिंगी छटा आणि एकसारखी जाडी दिसली, तर तो काप बहुधा कारखान्यात तयार होऊन गोठवलेल्या अवस्थेत आलेला असतो. तसे असणे हा गुन्हा नव्हे, पण फलकावर ‘आमच्या स्वयंपाकघरात घोळवलेले’ असे लिहून कोणी तसा काप वाढत असेल तर गुण जरूर कापावेत. काळे ठिपके आणि कडवट वास ही तेल जुने झाल्याची खूण असते. माशाचा वास आला तर मासे आणि श्नित्झेल एकाच तेलात तळले गेल्याचे समजावे.

मग सुरी मध्यभागी चालवावी. कडेला चालवून उपयोग नाही, कारण कड नेहमीच जास्त तळलेली आणि कुरकुरीत असते व ती पदार्थाबद्दल खोटी ग्वाही देते. मध्यभागी सुरी टेकताच कोरडा, स्पष्ट आवाज आला पाहिजे. त्यानंतर दोन बोटे रुंदीची पट्टी कापून काट्याने आडवी उचलावी आणि किंचित हलवावी. आवरण मांसाला धरून राहिले तर जोडणी उत्तम आहे. सालीसारखे सुटून खाली लोंबले तर मांस ओले असताना घोळवले गेले, मैद्याचा थर कमी पडला, किंवा गोठलेला काप पुरता न वितळताच तेलात गेला, यांपैकी काहीतरी घडले आहे. सुरमईला मीठ-मसाला लावून तिचे पाणी निथळू न देता रव्यात घोळवले की तव्यावर रवा वेगळा आणि मासा वेगळा होतो, हे ज्यांनी घरी पाहिले आहे त्यांना यातले मर्म सांगावे लागणार नाही.

येथे एका सूक्ष्म फरकाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. व्हिएन्नाच्या पद्धतीत काप पसरट कढईत, तुपात किंवा चरबीत तळतात आणि कढई हलवत राहून वरून गरम तूप सोडतात, त्यामुळे आवरण लाटांसारखे फुगते आणि मांसापासून थोडे सुटेही होते. तेथे तो कौशल्याचा पुरावा मानला जातो. ज्याने तसे श्नित्झेल खाल्ले आहे, तो पबमधील सुटलेल्या आवरणालाही तीच सवलत देऊ पाहतो, पण दोन्हींत मोठा फरक आहे. फुगलेल्या आवरणाच्या आतली पोकळी कोरडी असते. चुकीने सुटलेल्या आवरणाच्या आतल्या बाजूस ओल्या पिठाचा पांढुरका, चिकट थर असतो. म्हणून आवरण सुटलेले दिसल्यास ते उलटून आतली बाजू पाहावी आणि मगच निर्णय द्यावा. पबमध्ये काप खोल तळणीत सोडतात, तेव्हा लाटांची अपेक्षा ठेवू नये. घट्ट बसलेले आवरण हेच तेथील उद्दिष्ट असते.

शेवटी कागदी रुमालाचा कोपरा आवरणावर हलकेच टेकवावा. तुरळक डाग पडणे स्वाभाविक आहे. कागद पारदर्शक होईपर्यंत भिजला तर तळताना तेल पुरेसे तापलेले नव्हते, असे समजावे.

पायरी पाचवी: मांसाची परीक्षा

कापलेल्या पट्टीची बाजू उजेडाकडे धरून जाडी पाहावी. वरचे आणि खालचे आवरण मिळून मांसाइतकेच जाड असेल, तर गिऱ्हाइकाला पाव विकला जात आहे. चिकनसाठी छातीचा तुकडा मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडतात आणि ठोकतात. नीट ठोकलेल्या कापाची जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास सारखी असते. एक टोक जाड आणि दुसरे कागदासारखे असेल तर जाड टोक शिजेपर्यंत पातळ टोक वाळून जाते, आणि प्रचंड आकाराच्या श्नित्झेलमध्ये हा दोष विशेष आढळतो. ताटाबाहेर येणाऱ्या कापाला मी लगेच दाद देत नाही, त्याचे हे कारण.

मांस तोडून पाहिल्यावर त्याचे तंतू दिसले पाहिजेत. तंतूंच्या दिशेने ते सहज सुटते आणि त्यातून थोडा स्वच्छ रस येतो. तंतूच न दिसता मांस कबाबासारखे तुकडे होऊन सुटले, तर ते बारीक केलेले मांस दाबून बनवलेले असते. स्पंजासारखे दबून त्यातून पाणी आले, तर वजन आणि ओलावा वाढवण्यासाठी मांसात मिठाचे पाणी भरलेले असण्याची शक्यता मोठी. या दुसऱ्या प्रकाराला पुष्कळ लोक ‘किती रसाळ’ म्हणून गुण देतात. चव घेऊन पाहावी. खऱ्या रसाला कोंबडीची चव असते, पाण्याला फक्त मिठाची.

चिकन आत गुलाबी, अर्धपारदर्शक किंवा थंड लागले तर परीक्षा तेथेच थांबवावी आणि ताट परत करावे. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७५ अंश सेल्सियस तापले पाहिजे, आणि त्याबाबतीत भीड बाळगणे धोक्याचे आहे. आवाज न चढवता काउंटरवर सांगितले की बहुतेक ठिकाणी क्षमा मागून नवे ताट देतात.

गोमांस खाणाऱ्यांनी एवढेच पाहावे की काप पातळ आहे, कडा आत वळलेल्या नाहीत आणि मधून शीर ओढली जात नाही.

पायरी सहावी: ताटातील इतर गोष्टी

चिप्स खारट, गरम आणि बाहेरून कडक असाव्यात. त्यांची खरी परीक्षा दहा मिनिटांनी होते, कारण ताटातल्या शेवटच्या चिप्स त्याच वेळी खाल्ल्या जातात.

सॉसचे चार प्रकार जवळपास सर्वत्र मिळतात: साधी ग्रेव्ही, मशरूम, मिरी आणि ‘डायान’. यांतील डायान सॉसमध्ये वूस्टरशर सॉस, लसूण आणि साय असते, आणि मराठी जिभेला तो आंबटगोड सॉस बहुधा लवकर रुचतो. सॉस आधी नुसता चमच्याने चाखावा. कच्च्या पिठाची चव जिभेवर राहिली तर तो नीट शिजलेला नाही. वर जाड साय धरली असेल तर तो बराच वेळ गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात पडून होता. मिरीच्या सॉसमध्ये मिरीचा तिखटपणा जाणवला पाहिजे, नुसता तपकिरी रंग पुरेसा नाही. त्यानंतर श्नित्झेलचा एक घास सॉसमध्ये बुडवून खावा आणि उरलेले अर्धे श्नित्झेल कोरडेच ठेवावे, म्हणजे तुलना शेवटपर्यंत करता येते.

काही जुन्या पबमध्ये ‘सॅलड बार’ असतो. तेथून काकडी, बीट, कोबीची कोशिंबीर, बटाट्याचे सॅलड आपल्या हाताने वाढून घ्यायचे असते. कोबी कुरकुरीत आहे का आणि भांडी वेळेवर भरली जातात का, एवढे पाहिले तरी पुरे.

पार्मीची परीक्षा घ्यायची असेल तर तिची नोंद निराळी ठेवावी. सॉस आणि चीज यांच्याखाली आवरण मऊ पडणारच, म्हणून साध्या श्नित्झेलच्या मोजमापाने तिला नापास करणे अन्यायाचे होईल. तेथे चारही कडांना बोटभर आवरण मोकळे सोडले आहे का, सॉस पातळ होऊन मांसापर्यंत झिरपलेला नाही ना, आणि चीजला ठिपक्याठिपक्यांचा तपकिरी रंग आला आहे का, हे पाहावे. आधी साधे श्नित्झेल पाच-सहा ठिकाणी खाऊन हात बसल्यावरच पार्मीकडे वळावे, असा माझा आग्रह आहे. चीजखाली पुष्कळ दोष झाकले जातात.

पायरी सातवी: गुण द्यावेत

मी १०० पैकी गुण देतो: आवरणाला ३०, मांसाला ३०, चिप्सना १५, सॉसला १०, कोशिंबिरीला ५ आणि किमतीच्या मानाने मिळालेल्या समाधानाला १०. सुरुवातीला मी किमतीला २५ गुण देत होतो, पण त्यामुळे सवलतीच्या दिवशी खाल्लेले सुमार श्नित्झेल पूर्ण दराच्या उत्तम श्नित्झेलच्या पुढे जाऊ लागले. आता सवलतीच्या दिवशीही नेहमीचा दर विचारून तोच धरतो आणि भरलेली रक्कम शेजारी निराळी लिहितो. रविवारचा जादा आकारही हिशेबात धरत नाही. श्नित्झेल किती मोठे आहे यासाठी स्वतंत्र गुण ठेवलेले नाहीत.

दोघे-तिघे मिळून गेल्यास प्रत्येकाने आपले गुण आधी लिहावेत आणि मगच तोंड उघडावे. टेबलावरचा पहिला बोलणारा ‘वा!’ म्हणाला की बाकीच्यांचे गुण आपोआप चढतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. एक ताट दोघांत वाटून घेतले तरी चालते, मात्र दोघांनाही मधल्या भागाचा तुकडा मिळाला पाहिजे. फोटो काढायचाच असेल तर कापलेल्या बाजूचा काढावा. वरून काढलेल्या फोटोत सगळीच श्नित्झेल सारखी दिसतात. आणि आजूबाजूचे लोक चौकटीत येणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण ती त्यांची घरगुती संध्याकाळ असते.

पायरी आठवी: पुन्हा जावे

एका भेटीवरून कोणत्याही स्वयंपाकघराबद्दल ठाम मत देऊ नये. आचारी बदलतात, तेल त्या सकाळीच बदललेले असू शकते किंवा आठवडाअखेरीस थकलेले असू शकते. दुसऱ्या भेटीत तेच मांस, तोच सॉस आणि तीच विनंती ठेवावी, बदलावा तो फक्त वार.

दोन भेटींच्या गुणांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. ८० आणि ५० यांची सरासरी ६५ लिहिली तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘मंगळवारी ८०, श्निटी नाइटला ५०, तेलकट’ असे लिहिले तर मंगळवारी जावे हे कळते. माझ्या वहीत एका उपनगरातील छोट्या पबची नोंद ‘७६, ७५, गर्दीतही तेलकट नाही’ अशी आहे. त्याचे श्नित्झेल ताटाच्या काठापर्यंतही पोहोचत नाही, आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी आधी तेथेच घेऊन जातो.